एकतिसावा संगणक

आमच्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात आणि चार शाखांत मिळून ३१ संगणक आहेत. मानद सचिव या नात्यानं एवढा आकडा मला पाठ होता. त्यातले विंडोज ११ ला लायक किती, हे मात्र नोव्हेंबरातल्या एका रविवारी कळलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर संपला होता. संचालक मंडळानं ‘योग्य ती कार्यवाही करावी’ असा ठराव केला आणि सगळे फराळाला पांगले.

कार्यवाही करणारे दोघं. एक म्हणजे गेली पंचवीस वर्षं आमचे संगणक सांभाळणारे मामा; तालुक्यात त्यांना सगळेच मामा म्हणतात. दुसरी त्यांची सख्खी भाची. ती पुण्यात एका कंपनीत काही हजार डेस्कटॉपांचं बघते आणि चार दिवस रजा काढून गावी आली होती. मामांच्या हातात दोनशेपानी वही, तिच्या मांडीवर लॅपटॉप. मी चहा मागवण्यापुरता.

भाची : मामा, १४ संगणक थेट चालतील. सहांमध्ये विंडोज ११ ला लागणारा टीपीएम आहे, पण बायोसमध्ये बंद ठेवलाय. इंटेलच्या बोर्डावर तो पीटीटी नावानं सापडतो, एएमडीवर एफटीपीएम म्हणून. तो चालू करायचा, डिस्क एमबीआरवरून जीपीटीवर आणायची. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर-टू-जीपीटी नावाची आज्ञा आहे, डेटा जात नाही. फक्त आधी डिस्क बदला आणि मग बायोसमध्ये यूईएफआय करा. उलट केलंत तर मशीन उठणारच नाही.

मामा : डेटा जात नाही म्हणे! बॅकअप घेतल्याशिवाय मी डिस्कला हात लावत नसतो. आणि उरलेले ११?

भाची : त्यांचे प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचे आहेत. ते बाद.

मामा : बाद कशाला? काल संध्याकाळी त्यांच्यावरच रोख जुळवली की.

भाची : चालतात हो. पण आता त्यांना पॅच येणार नाहीत.

मामा : न येऊ देत. चालत्या यंत्राला हात लावू नये, हे मी मोटार रिवाइंडिंग शिकताना शिकलो.

भाची : २०१७ आठवतंय? वॉनाक्राय व्हायरस १२ मेला पसरला. ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच १४ मार्चलाच आला होता. जवळजवळ दोन महिने हातात होते. ज्यांनी ‘चालतंय की’ म्हटलं त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. आता तर पॅचच येणार नाही, म्हणजे पुढचं भोक कायमचं उघडं.

मामा : मग १९ जुलै २०२४ पण आठव. जगभरात ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली. आपल्याकडं विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. ते कुणी अपडेट केलं नाही म्हणून झालं का? आपोआप अपडेट झालं म्हणून झालं!

भाची : ते विंडोजचं अपडेट नव्हतं, सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरची फाइल होती.

मामा : बाधा झालेल्याला भुताचं आडनाव काय करायचंय?

इथं मला हसू आलं, पण भाची हसली नाही. लॅपटॉप बाजूला ठेवून ती म्हणाली, ‘‘म्हणूनच एकदम सगळ्यांवर टाकायचं नसतं, हेच त्या दिवशी दिसलं.’’ मामांनी मान हलवली. दोघं एकाच मुद्द्यावर दोन वेगळ्या रस्त्यांनी येऊन पोचली होती. पण वाद मिटला म्हणून गप्प बसणारं हे घराणं नव्हे.

भाची : आमच्याकडे टप्पे असतात. आधी आमच्या विभागाचे संगणक, मग उत्साहानं नाव देणारे पाच टक्के लोक, मग एकेक मजला.

मामा : उत्साहानं नाव देणाऱ्यांना घ्यायचंच नाही. त्यांचं काही अडलं तर ते स्वतःच खटपट करून वाट काढतात, तुला सांगत नाहीत. पहिला संगणक सगळ्यात चिडक्या माणसाचा घ्यावा. तो पाचव्या मिनिटाला ओरडतो. फुकटची तपासणी.

भाची : (जरा थांबून) हे आमच्याकडे कुणी बोललं नव्हतं.

आमच्याकडे ती जागा निर्विवादपणे पिग्मी काउंटरच्या बाईंची. रविवारी बोलावल्याबद्दल त्यांनी मला दारातच दोन वाक्यं सुनावली होती. त्यांचा संगणक १४ लायकांतला. भाचीनं पेन ड्राइव्ह लावला, मामांनी मोबाइल काढला आणि आधी पडद्याचा फोटो घेतला. कुठलं चिन्ह कुठल्या कोपऱ्यात, वॉलपेपरवर बाईंच्या नातवाचा फोटो, सगळं. मग संगणक फिरवून मागच्या केबलींचा फोटो.

भाची : हे कशाला? चिन्हं तशीच राहतात. आणि वापरकर्त्याचं प्रोफाइल न्यायची साधनं आहेत.

मामा : तुमची साधनं फायली नेतात. सोमवारी सकाळी नातू दिसला नाही तर बाई म्हणणार, ‘माझा संगणक बिघडवला’. मग दिवसभर प्रिंटरसुद्धा त्यामुळंच अडकणार.

पडद्यावर ‘१२ टक्के’ आलं. चहाही आला.

भाची : एक विचारू? कंपनीच्या यादीत ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते असं आहे. तुम्ही त्यावर भरवसा ठेवून...

मामा : लग्नाच्या पत्रिकेत ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ असतं ना, तसंच ते. रिकाम्या हातानं कोण जातंय? ८ जीबी आणि एसएसडी नसेल तर अकराच्या वाटेला जायचंच नाही. सगळ्या १४ मध्ये घातलेत मी, गणपतीच्या आधीच.

माझ्या सहीनं ते बिल पास झालं होतं, आणि ‘कशाला लागतं एवढं’ असा शेराही मीच मारला होता, हे इथं नमूद करतो.

पुढचं भांडण तारखेवरून. भाचीचं म्हणणं, उरलेले १३ लायक आणि दुरुस्तीचे सहा एका शनिवारी रात्री उरकावेत. एक नमुना संगणक तयार करायचा, सिसप्रेपनं त्याची ओळख पुसायची, त्याची इमेज नेटवर्कवरून सगळ्यांवर उतरवायची. मामांनी वही उघडली. सोमवारी आठवडी बाजार, म्हणजे काउंटरवर पाय ठेवायला जागा नाही. त्यामुळं रविवार संपताना काही अर्धवट राहिलं तर मेलो. एक ते दहा तारीख पगार आणि पेन्शन. मार्च तर विचारूच नका. ऑडिटर येणार ते दोन आठवडे सोडा. पुसत पुसत महिन्यातून एका बुधवारची संध्याकाळ आणि एक शुक्रवार उरला.

भाची : तो बुधवार दुसऱ्या मंगळवारच्या नंतरचा नको. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्टचे पॅच सुटतात, आपल्याकडे पोचेपर्यंत बुधवार उजाडतो. नवी विंडोज आणि नवे पॅच एकाच दिवशी आले तर कशानं काय मोडलं ते कळत नाही.

मामा : हे लिहून घेतो.

भाची : आणि शाखांत इंटरनेटची एकच बारीक लाइन. प्रत्येक मशीननं कित्येक जीबी स्वतंत्र ओढले तर दुसऱ्या दिवशी कुणाचं काम चालणार नाही. डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू ठेवा, एकानं उतरवलेलं शेजारचा घेतो.

मामांनी तेही लिहिलं. मग वहीचं पान उलटून म्हणाले, ‘‘आता माझी यादी बघ.’’

तिच्या यादीत सॉफ्टवेअरची नावं होती, आवृत्त्या होत्या, परवान्यांचे क्रमांक होते. कुठल्याही ऑडिटरला मुका घ्यावासा वाटेल अशी ती यादी. मामांची यादी माणसांच्या नावानं लावलेली. कॅशियर : पासबुक प्रिंटर, एक ओळ खाली सरकतो, डाव्या बाजूचा मार्जिनचा आकडा १७. व्यवस्थापक : डिजिटल सहीचं टोकन, पुढचंच यूएसबी चालतं, मागं लावलं की ओळखत नाही. टंकलेखक : श्रीलिपी, कळपट जुन्या टाइपरायटरचा. शिपाई : झेरॉक्स मशीनवर स्कॅन करतो ते ‘स्कॅन’ फोल्डरात जातं, पासवर्ड नाही.

भाची : हे शेवटचं अडणार. २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ प्रोमध्ये पासवर्डशिवाय पाहुणा म्हणून फोल्डर उघडणं बंद आहे. शिवाय नेटवर्कवरच्या देवाणघेवाणीला सही मागतात. जुन्या झेरॉक्स मशीनला ती जमेलच असं नाही.

मामा : मग ती सहीची अट काढायची.

भाची : तेच करू नका! स्कॅनसाठी वेगळा वापरकर्ता काढा, पासवर्ड द्या, तो झेरॉक्समध्ये भरा. नाहीच जमलं तर स्कॅन ईमेलवर पाठवा. एका शिपायाच्या सोयीसाठी सगळ्या इमारतीचा दरवाजा उघडा ठेवायचा?

मामा : त्या शिपायाच्या सोयीवर सगळ्या इमारतीचं कर्ज मंजूर होतं, पोरी. त्यानं केवायसी स्कॅन केलं नाही तर फाइल हलत नाही.

मी दोघांचंही ऐकत होतो. मला विचाराल तर इथं भाचीचं खरं होतं; पण मामांनी ती नोंद केली नसती तर मंगळवारी सकाळी आम्हाला ‘स्कॅन होत नाही’ एवढंच कळलं असतं आणि दोष झेरॉक्स मशीनला गेला असता.

टंकलेखकाचा विषय निघाला तेव्हा मात्र दोघं एका बाजूला झाली. आमचे पंधरा-वीस वर्षांचे वार्षिक अहवाल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात आहेत. नव्या संगणकावर तो फॉन्ट टाकला नाही तर ‘अध्यक्षीय मनोगत’ रोमन अक्षरांची खिचडी होऊन दिसतं. म्हणून फॉन्टांचं फोल्डर आधी उचलून ठेवायचं, ही पहिली गोष्ट. विंडोजमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट येतो, उच्चारानुसार टाइप करायचा कळपटही येतो. पण तीस वर्षं टाइपरायटरच्या कळपटावर चाललेली बोटं एका रविवारात वळत नाहीत. मामा म्हणाले, ‘‘त्यांना युनिकोडमध्येच, पण त्यांच्याच कळपटानं लिहू दे.’’ भाचीनं तशी सोय करणारा प्रोग्रॅम इमेजमध्ये टाकायची नोंद केली.

मग निघाला डिस्कच्या कुलपाचा प्रश्न.

भाची : नव्यानं विंडोज टाकताना तुम्ही लॉगिन कुठल्या खात्यानं करता?

मामा : माझ्याच ईमेलनं. दर वेळी नवीन कोण काढत बसणार?

भाची : मामा! २४एच२ नव्यानं टाकली आणि मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होऊ शकते. तिची ४८ आकड्यांची किल्ली त्या खात्यात जाते. म्हणजे पतसंस्थेच्या डिस्कांच्या किल्ल्या तुमच्या खासगी ईमेलमध्ये. उद्या मदरबोर्ड बदलला, बायोसमध्ये काही हललं, की मशीन ती किल्ली मागणार. आणि तुम्ही पंढरपूरला.

मामा : मग ते एन्क्रिप्शन बंदच करतो.

भाची : आणि शाखेतून संगणक चोरीला गेला तर? सभासदांचे आधार, पॅन, सगळं उघड्यावर. बंद करायचं नाही. किल्ली कुठं ठेवायची ते ठरवायचं.

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक व्यवस्थापकाकडं, एक कॅशियरकडं, आणि दोन्हींची रोज रजिस्टरला सही होते. सोन्याच्या एका बांगडीसाठी आम्ही एवढं करतो. सभासदांच्या कागदपत्रांची किल्ली मात्र मामांच्या ईमेलमध्ये, भाचीच्या लग्नाच्या फोटोंशेजारी. मी त्याच क्षणी म्हणालो, प्रत्येक मशीनची किल्ली छापा, पाकिटात घाला, त्यावर मशीनचा नंबर लिहा आणि तिजोरीत ठेवा. नोंद किल्ली रजिस्टरलाच. त्या दिवसभरात माझं म्हणून काही योगदान असेल तर एवढंच.

‘६८ टक्के.’ बाईंनी घड्याळ पाहिलं.

बाद ठरलेल्या ११ संगणकांवर मी दीर्घ चर्चेची तयारी ठेवली होती, पण ती लवकर आटोपली. लिनक्सची बाजू मामांनी घेतली आणि भाचीनं विरोध केला, याचं मला नवल वाटलं. तिनं म्युनिकचा दाखला दिला. त्या शहराच्या प्रशासनानं २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा ठराव केला. मामा म्हणाले, आपल्याला कुठं म्युनिक चालवायचंय? अकरांतल्या चार मशिनांवर फक्त ब्राउझर लागतो; तिथं लिनक्स मिंट घाल. भाचीनं चार मान्य केली, पाचव्याला नाही म्हणाली. उरलेल्या सातांसाठी तिनं पैसे भरून मिळणाऱ्या वाढीव सुरक्षेचा हिशेब मांडला. संस्थांना पहिल्या वर्षी मशीनमागं ६१ डॉलर, दर वर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. म्हणजे एकूण ४२७ डॉलर. तेवढ्यात नवा नाही तरी चांगला जुना, विंडोज ११ चालणारा संगणक येतो. सहा मशिनं बदलायची ठरलं. सातव्याबद्दल मामा काही बोलले नाहीत.

भाची : आणि परत फिरायची वाट? जुन्यावरच अपग्रेड केलं तर पहिले दहा दिवस मागं जाता येतं, नंतर विंडोज-ओल्ड फोल्डर पुसलं जातं. एका आज्ञेनं ती मुदत ६० दिवसांपर्यंत नेता येते, फक्त ती दहा दिवसांच्या आत द्यायला हवी.

मामा : दहा दिवसांत महिनाअखेर येत नाही. साठच ठेव. महिनाअखेरीचं व्याज एकदा निघालेलं बघितल्याशिवाय मी काही पुसत नाही.

साडेचारला बाईंचा संगणक उठला. नातू जागेवर होता. खालची पट्टी मधोमध आली होती, ती मामांनी सेटिंगमध्ये जाऊन डावीकडं नेली. भाची म्हणाली, ‘‘लोकांना नवीन सवय लागू दे ना.’’ मामा म्हणाले, ‘‘एका दिवशी एकच सवय.’’ पासबुक छापून पाहिलं, ओळ बरोबर पडली. बाईंनी ड्रॉवरमधून पिग्मीचं यंत्र काढलं. आमचे १९ एजंट संध्याकाळी सहाला दुकानांतून गोळा केलेली रक्कम या छोट्या यंत्रांत घेऊन येतात, आणि यंत्राच्या सिरियल केबलला यूएसबीचा तुकडा जोडून ती संगणकात उतरते. बाईंनी तो लावला. काही झालं नाही. परत लावला.

बाई : हे बघा. मी म्हटलंच होतं.

भाचीनं डिव्हाइस मॅनेजर उघडला. केबलच्या नावापुढं पिवळा त्रिकोण, आणि तिथं चक्क लिहिलेलं : ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. विक्रेता म्हणजे एसटी स्टँडसमोरचं दुकान, ते केव्हाच वडापावचं झालंय.

मामा : जुना ड्रायव्हर आहे माझ्याकडं. तो घातला की चालेल.

भाची : चालेल, आणि पुढच्या अपडेटला तो परत बदलला जाईल. तेव्हा तुम्ही नसाल, मी नसेन, सहा वाजले असतील आणि दारात १९ एजंट उभे असतील. दुसऱ्या चिपच्या केबली घ्या. चार-पाचशेला एक मिळते. पाच घ्या.

माझ्या डोळ्यांपुढं आलं, हे २० संगणक शनिवारी रात्री एकदम उतरवले असते आणि सोमवारी बाजाराच्या दिवशी पिग्मी काउंटर बंद असतं. तिच्या यादीत ही केबल नव्हती. केबलला परवाना नसतो. मामांच्या यादीत होती, पण ‘पिग्मी : केबल, जपून’ एवढीच.

बाई गेल्यावर भाची वसुली विभागाच्या कोपऱ्याकडं वळली. तिथं धुळकट कापडाखाली एकतिसावा संगणक होता, सातांतला सातवा.

भाची : आणि हा?

मामा : त्याला हात लावायचा नाही. १९९७ ते २००८ ची सगळी लेजरं त्याच्यात आहेत. डॉसवरच्या फॉक्सप्रोत. सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी जुना खातेउतारा लागला की इथूनच निघतो.

भाची : म्हणून यावर ३२ बिटची विंडोज ठेवलीय. ६४ बिटवर १६ बिटचे प्रोग्रॅम चालतच नाहीत, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. डॉसबॉक्समध्ये चालवून बघता येईल. नाहीतर डीबीएफ फायली लिबर ऑफिसमध्ये सरळ उघडतात.

मामा : आकडे उघडतील. नावं उघडणार नाहीत. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं तेव्हाच्या मशीनला. नावं इस्कीमध्ये आहेत. मी केलाय प्रयत्न. ‘शंकर’ उघडायला गेलो, तर काहीच वाचता येईना.

भाची : इस्कीचं युनिकोड करता येतं मामा, तो जाहीर तक्ता आहे, १९९१ चं भारतीय मानक. दोन दिवसांचं काम. तोवर याची नेटवर्कची केबल काढा.

मामांनी वाकून केबल काढली, वहीतून एक पान फाडलं, त्यावर ‘नेटला जोडू नये’ असं लिहून पडद्याला चिकटवलं. त्यांच्या अक्षरात ते देवघरासारखं दिसत होतं.

भाची : याचा बॅकअप कुठंय?

मामा थोडा वेळ वहीकडं पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून मोटरसायकलच्या किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात विठ्ठलाच्या पितळी पट्टीशेजारी, टोपण हरवलेला एक ४ जीबीचा पेन ड्राइव्ह लटकत होता.

भाचीनं काही न बोलता हात पुढं केला.